बिनतारी मोटार: एका छंदाचें पुनरागमन

मार्गशीर्षाच्या सुमारास शहापूर-मुरबाडकडील भाताचीं खाचरें रिकामीं होतात. कापणी आणि झोडणी आटोपलेली असते. कापलेल्या भाताचे खुंट तेवढे उभे असतात, आणि श्रावणांत गुडघाभर चिखल असलेली ती माती वाळून तडकूं लागते. अशा एखाद्या खाचराच्या बांधावर पन्नाशीकडे झुकलेला एक गृहस्थ हातांत लहानशी पेटी धरून उभा आहे आणि त्याच्यापासून पन्नास पावलांवर वीतभर रुंद व दोन वितींहून थोडी कमी लांब अशी एक मोटार, धुळीचा लोट उडवीत, खुंटांवरून उड्या घेत धांवत आहे, असें दृश्य क्षणभर डोळ्यांपुढें आणावें. मोटारीला दोरी नाहीं, तार नाहीं, आंत माणूसही नाहीं. पेटीवरचें लहानसें चाक गृहस्थानें बोटानें वळविलें कीं तिकडे मोटार वळते.

पाहणारा सहज म्हणेल, हा मोठ्या माणसाचा पोरखेळ आहे. परंतु या पोरखेळामागें सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. शिवाय जगभर हा खेळ खेळणाऱ्यांत नव्यानें आलेल्यांइतकेच परत आलेलेही आढळतात. बारा-पंधरा वर्षांच्या वयांत हातांत आलेली ही मोटार संसाराच्या धबडग्यांत माळ्यावर जाते आणि वीस-पंचवीस वर्षांनीं पुन्हां खालीं येते. पतंग, गोट्या, विटीदांडू यांकडे मनुष्य असा परत जात नाहीं. त्यांची तो नुसती आठवण काढतो. मग याच छंदाला पुनर्जन्म कां मिळावा? या प्रश्नाचें उत्तर त्या मोटारीच्या घडणींत आहे आणि ती जेथें धांवते त्या जमिनींतही आहे.

चाकांचें खेळणें महाराष्ट्राला नवें नाहीं. १९७४ सालीं अहमदनगर जिल्ह्यांतील दायमाबाद येथें चार कांस्य वस्तु अकस्मात् सांपडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीचा एक रथ असून त्यांत सारथी उभा आहे. शिवाय हत्ती, गेंडा व रेडा आहेत. सुमारें चार हजार वर्षांपूर्वींच्या या वस्तु पूजेच्या मिरवणुकीसाठीं होत्या कीं आणखी कशासाठीं, यावर विद्वानांत मतभेद आहेत. इतक्या जड वस्तु मुलांच्या खेळांतल्या खास नव्हेत. परंतु मोठ्या जगांतला रथ लहान करून तो आपल्या हातानें चालवावा, ही हौस या भूमींत फार जुनी आहे, एवढें त्यांवरून निश्चित दिसतें. नागपुराकडे तान्ह्या पोळ्याच्या दिवशीं मुलें लांकडी बैल चाकांवर ओढीत नेतात, त्यांतही तीच हौस आहे. मात्र या सर्वांत ओढणाराचा हात आणि चाक यांच्यामध्यें दोरी होती. ती दोरी नाहींशी होण्यास एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

१८९५ च्या सुमारास कलकत्त्यांत जगदीशचंद्र बोस यांनीं विद्युत्-लहरी भिंतींपलीकडे पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजविली व बंदुकीची दारू पेटविली. अदृश्य लहरीनें दूरची वस्तु हलवितां येते, हें त्या प्रयोगानें लोकांच्या नजरेस आलें. तीन वर्षांनीं, १८९८ मध्यें, निकोला टेस्ला यानें न्यूयॉर्क शहरीं पाण्याच्या टाक्यांत एक होडी सोडली आणि तिला स्पर्श न करतां तिचें सुकाणूं फिरवून दाखविलें. त्याच वर्षींच्या ८ नोव्हेंबरला त्याला या युक्तीचें पेटंट मिळालें. त्या पेटंटांत केवळ जहाजांचा नव्हे, तर सर्व प्रकारच्या वाहनांचा उल्लेख आहे. खाचरांतल्या त्या चिमुकल्या मोटारीची वंशावळ या होडीपर्यंत जाऊन पोंचते.

टेस्लाची होडी पाहण्यास लोक जमले, पण तशी वस्तु घरीं करण्याची सोय पुढें चाळीस वर्षें झाली नाहीं. अमेरिकेंतील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं १९३७ मध्यें बिनतारी संदेशावर चालणारें लहान विमान उडविलें, तेव्हां कोठें हौशी माणसांचा या क्षेत्रांत प्रवेश झाला. आपल्याकडे १९२७ च्या २३ जुलैला मुंबईचें ध्वनिक्षेपण केंद्र सुरू झालें आणि नभोवाणीचें यंत्र सुखवस्तु घरांतून दिसूं लागलें. त्या यंत्राचें पाठ काढून आंतले दिवे व तारा न्याहाळणारा एखादा मुलगा पुष्कळ घरांत असे. परंतु ऐकणें निराळें आणि लहरी पाठविणें निराळें. १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र बाळगण्यास सरकारी परवाना आवश्यक झाला आणि या विद्येच्या हौसेभोंवतीं एक कुंपण उभें राहिलें. स्वराज्य आल्यावरही तें पुष्कळ काळ टिकलें.

यंत्रांतली मोठी अडचण वजनाची होती. कांचेचे दिवे, त्यांना लागणारे जड घट, आणि सुकाणूं फिरविण्याकरतां पिळलेलें रबर, असा तो संसार होता. एकदां बटण दाबलें कीं चाक पूर्ण डावीकडे, पुन्हां दाबलें कीं पूर्ण उजवीकडे. मधली स्थिति जवळजवळ नाहींच. १९४७ च्या अखेरीस ट्रान्झिस्टरचा शोध लागला व हळूहळू तें वजन उतरलें. १९६० नंतरच्या दशकांत, बोट जितकें वळेल तितकेंच चाक वळेल, अशी प्रमाणबद्ध नियंत्रणाची पद्धति प्रचारांत आली. छंदाच्या दृष्टीनें हा बदल सर्वांत मोठा होता. कारण बटण दाबणें कोणालाही जमतें. बोटाच्या किंचित् दाबानें वेग व वळण यांचा मेळ घालणें ही कला आहे, आणि ती शिकावी लागते. सतारीच्या पडद्यावर बोट कोठें ठेवावयाचें हें सांगतां येतें. किती दाबावयाचें हें ज्याचें त्यालाच कळतें. तसाच हा प्रकार आहे.

१९६६ च्या सुमारास इटलींत बिनतारी मोटार विक्रीस आली. त्यानंतर दहा वर्षांनीं, १९७६ मध्यें, जपानच्या शिझुओका शहरांतील टामिया कंपनीनें पोर्शे जातीच्या शर्यतीच्या मोटारीची बारापट लहान प्रतिकृति सुट्या भागांच्या रूपानें बाजारांत आणली. ही कंपनी १९४६ मध्यें लांकडाच्या वखारीच्या रूपानें जन्मास आली होती; पुढें तिनें लांकडी व नंतर प्लॅस्टिकच्या प्रतिकृति करण्याचा धंदा धरला. या पहिल्या मोटारीला फार मागणी आली. पण तिला गुळगुळीत जमीन लागे. डांबरी आवारांत बारीक खडा आला तरी ती अडे. शहरांत मोकळी व सपाट जागा दुर्मिळ असल्यानें घरोघरीं ती कपाटांत बसण्याचा संभव मोठा होता.

या कोंडींतून बाहेर पडण्याची वाट वाळवंटानें दाखविली. कॅलिफोर्नियांत ब्रूस मेयर्स यानें १९६४ मध्यें फोक्सवॅगन मोटारीचे भाग हलक्या कवचीला जोडून वाळूच्या टेकड्यांवर धांवणारी गाडी तयार केली. १९६७ पासून मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पांत शेंकडों मैलांची आडरानाची शर्यत सुरू झाली. रस्ता सोडून धांवणाऱ्या या मोटारींचें रूप घेऊन टामियानें १९७९ मध्यें ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या दहापट लहान मोटारी काढल्या. त्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांची बैठक धातूच्या ओतीव भागांची आणि लवचिक होती. बिनतारी यंत्र धूळ-पाण्यापासून वांचविण्यासाठीं बंद डबींत ठेवलेलें होतें. आडवाटेच्या बिनतारी मोटारीचा खरा आरंभ येथून धरावा. आतां खेळण्यासाठीं जमीन तयार करण्याची गरज राहिली नाहीं. असेल त्या जमिनीवर मोटारच तयारीनें जाऊं लागली.

चाकासाठीं जमीन घडवावी कीं जमिनीसाठीं चाक घडवावें, हा प्रश्न शहापूर-मुरबाडला फार जुना आहे. मुरबाड तालुक्यांतील वैशाखरें गांवाकडून चढणारा नाणेघाट सातवाहनांच्या काळापासून कोंकण व देश यांना जोडीत आला. त्या वाटेवर दगडांत खोदलेल्या पायऱ्या आहेत, लेणें आहे, माथ्यावर दगडी रांजण आहे. परंतु ती वाट चाकाची नव्हे. तेथें माल बैलांच्या व गाढवांच्या पाठीवरून चढे. चाक सह्याद्रीच्या पायथ्याशीं येऊन थांबे. शहापूरच्या बाजूस आगगाडी १८६१ च्या १ जानेवारीस कसाऱ्यापर्यंत पोंचली; पण घाट चढून इगतपुरी गांठण्यास तिला १८६५ चा जानेवारी उजाडावा लागला. त्यासाठीं डोंगर फोडून, पूल बांधून चाकाला हवी तशी जमीन करून द्यावी लागली.

याच मुलखांतली बैलगाडी मात्र निराळ्या वृत्तीची. लांकडी आरे, मधला तुंबा, वरती लोखंडी धांव अशीं तिचीं उंच चाकें चिखलांतून, दगडांवरून, ओढ्यांतून जातात. तिला स्प्रिंग नसते. धक्के गाडीवान सोसतो. वळणावर बाहेरचें चाक अधिक फिरतें, आंतलें कमी. दोन्ही चाकें आंसावर मोकळीं असल्यानें त्यांत अडचण येत नाहीं. परंतु ज्या क्षणीं शक्ति बैलांच्या खांद्यावरून काढून चाकांतच घातली जाते, त्या क्षणीं गोष्ट बिकट होते. दोन्ही चाकांना यंत्रानें फिरवावयाचें, आणि तरीही वळणावर एकाला अधिक व दुसऱ्याला कमी फिरूं द्यावयाचें, म्हणून मध्यें डिफरन्शियल नांवाचा दांत्यांचा संच लागतो. खाचरांत मोटारीचें एक चाक खुंटावर चढून अधांतरीं झालें, तर हाच संच सारी शक्ति त्या निरुपयोगी चाकाला देऊन बसतो आणि मोटार जागच्या जागीं गुरगुरत राहते. म्हणून मुरलेला छंदी त्या दांत्यांत घट्ट वंगण भरतो. स्प्रिंगचेंही तसेंच. नुसती स्प्रिंग असेल तर उडीनंतर मोटार बेडकासारखी उसळत राहते. तिला आवर घालण्यासाठीं तेलानें भरलेली नळी व तींत छिद्रें असलेला दट्ट्या लागतो. तेल पातळ असलें तर मोटार खालीं आपटते, फार दाट असलें तर चाक जमिनीला सोडतें. खडे-मुरुमाच्या माळावर एक तेल, भुसभुशीत खाचरांत दुसरें. जमीन पाहून यंत्र जुळवावें लागतें, आणि हें जुळविणें हाच या छंदाचा गाभा आहे.

१९८२ ते १९८४ हीं या खेळाच्या भरभराटीचीं वर्षें. क्योशो कंपनीची ‘स्कॉर्पियन’, टामियाची ‘वाइल्ड विली’ ही जीपगाडी, मग ‘फ्रॉग’, ‘ग्रासहॉपर’, ‘हॉर्नेट’ अशा मोटारी एकामागून एक आल्या. १९८४ मध्येंच अमेरिकेच्या टीम असोसिएटेडनें ‘आरसी १०’ ही खास शर्यतीची मोटार काढली. या बहुतेक मोटारी तयार मिळत नसत. पेटी उघडली कीं शेंकडों सुटे भाग, स्क्रूंच्या पुड्या आणि एक चित्रमय पुस्तिका हातीं येई. मुलानें दोन-चार रात्री जागून दांते बसवावे, नळ्यांत तेल भरावें, कवचीला रंग द्यावा, आणि मग ती मोटार अंगणांत न्यावी. पहिल्याच दिवशीं ती भिंतीवर आदळावी, पुढचा हात मोडावा, आणि मुलानें पुन्हां पुस्तिका उघडावी. कोणता भाग कोणत्या क्रमांकाचा आहे हें ठाऊक असल्यानें तेवढाच भाग आणून तो बसवितां येई. आपण स्वतः जुळविलेली वस्तु मोडली तर ती आपणच जुळवूं शकतों, हा विश्वास त्या मुलाच्या मनांत रुजे. शाळेच्या कोणत्याही पुस्तकांतून तो इतक्या स्वस्तांत मिळत नव्हता.

हिंदुस्थानांत या भरभराटीचा ओघ फारसा आला नाहीं. त्या काळीं उपभोग्य वस्तूंच्या आयातीवर कडक निर्बंध होते. मध्यमवर्गीय मराठी घरांत अशी मोटार आली तर ती बहुधा परदेशांतून येणाऱ्या एखाद्या काकांच्या किंवा मामांच्या पेटींतून. आणि ती आली तरी तिचा मोडलेला हात आणावा कोठून? एका दांत्यासाठीं सारी मोटार शोभेची होऊन बसे. इतर अनेकांना ती परदेशी मासिकांतल्या चित्रांतच दिसली. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंतील तरुणांना विमानांच्या प्रतिकृति करण्याचें व उडविण्याचें शिक्षण मिळे. तेवढा एक सुसंघटित मार्ग खुला होता. १ एप्रिल २००१ रोजीं आयातीवरील परिमाणात्मक निर्बंधांचा उरलेला मोठा हप्ता उठला. तोंपर्यंत मोटारीचें स्वप्न पाहणारीं मुलें नोकरीधंद्याला लागलीं होतीं. म्हणून आपल्याकडे ‘छंदाकडे परतणें’ या शब्दांना एक वेगळा अर्थ आहे. कांहीं माणसें माळ्यावरच्या मोटारीकडे परततात, तर कांहीं माणसें ज्या मोटारीला त्यांनीं कधीं हात लावलाच नाहीं, अशा मोटारीकडे परततात. दुसऱ्यांचें येणें अधिक हृद्य असतें.

परदेशांतही १९९० नंतर हा खेळ ओसरला. पडद्यावरचे खेळ आले. त्यांत मोटार कितीही आदळली तरी मोडत नाहीं. दुसरीकडे स्वस्त, तयार, बंदिस्त मोटारींचा पूर आला. त्या वाढदिवशीं येत, आठवडाभर धांवत आणि आंतला एखादा दांता गेला कीं केरांत जात. त्यांचे भाग मिळत नसत, कारण त्या उघडण्यासाठीं केलेल्याच नव्हत्या. अशा मोटारीचा मालक पुढें कितीही मोठा झाला तरी तिच्याकडे परतूं शकत नाहीं. परतावें असें तेथें कांहीं उरलेलेंच नसतें.

पुनरागमनाची कथा नव्या शतकाबरोबर सुरू होते. बालपणीं हें खेळलेली पिढी मिळवती झाली होती आणि जुन्या मोटारी शोधूं लागली होती. पण माळ्यावरून उतरविलेल्या मोटारीची अवस्था दयनीय असे. निकेल-कॅडमियमच्या घटांवर पांढरी भुकटी फुललेली, टायरांचें रबर दगडासारखें, प्लॅस्टिक ठिसूळ. टामियानें ही नाडी ओळखली. जुने साचे पुन्हां कामीं लावून २००४ मध्यें ‘हॉर्नेट’ आणि २०१० मध्यें ‘सँड स्कॉर्चर’ नव्यानें काढण्यांत आली. २०१३ मध्यें ‘आरसी १०’, २०१४ मध्यें क्योशोची ‘स्कॉर्पियन’ या परत आल्या. या पुनर्मुद्रणांचा खरा उपकार नव्या मोटारींपेक्षां जुन्यांवर अधिक झाला. कारण नव्या मोटारीचे कित्येक भाग तीस वर्षांच्या जुन्या मोटारीलाही बसतात. जुन्या ग्रंथाची नवी आवृत्ति निघाली म्हणजे घरांतल्या फाटक्या प्रतीचीं गेलेलीं पानें भरून काढावीं, तसें हें झालें.

परतणाऱ्याला कांहीं गोष्टी मात्र ओळखूं येत नाहींत. पूर्वीं २७ मेगाहर्ट्झच्या पट्टींत प्रत्येक यंत्राला ठराविक लहरीचा स्फटिक असे. दोघांचे स्फटिक सारखे निघाले तर एकानें चाक वळविलें कीं दुसऱ्याची मोटार वळे. म्हणून खेळण्यापूर्वीं एकमेकांना विचारून घेण्याची रीत होती. आतां २.४ गिगाहर्ट्झच्या यंत्रांत पेटी व मोटार यांची एकदांच ओळख करून दिली कीं दुसऱ्याचा संदेश मोटार ऐकतच नाहीं. हा पट्टा हिंदुस्थानांत २००५ सालीं ठराविक शक्तीच्या यंत्रांसाठीं परवान्यावांचून खुला झाला, आणि १९३३ चें तें कुंपण या छंदापुरतें बाजूस झालें. वेग आवरण्यासाठीं पूर्वीं तारेच्या रोधकावर सरकणारी पट्टी असे. अर्ध्या वेगानें जातांना उरलेली वीज उष्णता होऊन वायां जाई. तें काम आतां अर्धवाहकांचें लहानसें मंडल करतें. निकेलच्या घटांच्या जागीं लिथियम-पॉलिमरचे घट आले. ते हलके व जोरकस आहेत, पण त्यांना जपावें लागतें. ते फार उतरूं दिले किंवा खुपसले गेले तर फुगतात, प्रसंगीं पेटही घेतात. म्हणून भरतांना डोळ्यांआड ठेवूं नयेत. सुटे भाग घरबसल्या मागवितां येतात. मात्र खेळण्यांवरील आयातकर २०२० मध्यें २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्यें ७० टक्के झाला, त्यामुळें परदेशी मोटारीची हौस महागच राहिली.

इतकें सारें जुळल्यावर शेवटीं जमीन लागतेच, आणि मुंबई-ठाण्याच्या घरांत नेमकी तीच नसते. गच्चीवर धूळ नाहीं, बागेंत लहान मुलें असतात, रस्त्यावर खऱ्या मोटारी असतात. आडवाटेच्या मोटारीला आडवाट हवी. कल्याणच्या पलीकडे आसनगांव, आटगांव, खर्डी या स्थानकांच्या आसपास, किंवा माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यानें मुरबाडच्या पुढें गेलें कीं ती भेटते. माहुलीच्या पायथ्याकडील मुरमाड माळ, उन्हाळ्यांत आटलेल्या ओढ्यांचे गोटे, बैलगाडीच्या चाकोऱ्या, खाचराचे हातभर उंच बांध. जी चढउतर शर्यतीच्या मैदानांत मुद्दाम रचावी लागते ती येथें शेतकऱ्यानें पिढ्यान् पिढ्या भातासाठीं रचून ठेवलेली आहे. ऋतु मात्र पाळावा लागतो. आषाढ-श्रावणांत हा सारा मुलूख पाण्याखालीं असतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे तीन-चार महिने काय ते या खेळाचे.

परंतु शहरांतून येणाऱ्याला जें रिकामें दिसतें तें रिकामें नसतें. भात निघाल्यावर उरलेल्या ओलींत वाल, हरभरा टोकलेला असूं शकतो. मोटारीच्या कांटेरी टायरांखालीं तो कोंब दिसतही नाहीं. फाल्गुन-चैत्रांत रोपांच्या वाफ्यांवर शेण, पाला व फांद्या पसरून राब भाजतात, ती जागा पुढच्या पिकाची पाळणाघर असते. बांध हा उडी मारण्याचा उतार नव्हे. तो फुटला तर पुढच्या पावसांत त्या खाचरांत पाणी ठरत नाहीं आणि एका खेळाची किंमत दुसऱ्याच्या पोटाला पडते. म्हणून अशा ठिकाणीं मोटार खालीं ठेवण्यापूर्वीं शेताच्या धन्याला विचारणें हा केवळ शिष्टाचार नव्हे. पूर्वीं स्फटिकाची लहर दुसऱ्याला विचारून घेत. आतां जमीन विचारून घ्यावी, इतकाच फरक.

ही जमीन बदलतही आहे. मुंबई-आग्रा रस्ता शहापूरवरून पूर्वींपासून जातच होता. ५ जून २०२५ रोजीं समृद्धि महामार्गाचा इगतपुरी ते आमणें हा अखेरचा भाग खुला झाला, तोही याच तालुक्यांतून जातो. ज्या सह्याद्रीनें चाकाला हजारों वर्षें थोपवून धरलें, त्याच्या पोटांतून आतां मोटारी मिनिटांत पलीकडे जातात. रस्ता आला कीं गोदामें येतात, वसाहती येतात, माळ आंखले जातात. लहान चाकाची आडवाट मोठ्या चाकाच्या वाटेखालीं जाते.

याच मुलखांत दुसराही एक चाकांचा नाद असाच खंडित होऊन परतला आहे. बैलगाड्यांच्या शर्यती २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें बंद पडल्या, डिसेंबर २०२१ मध्यें अटींवर पुन्हां सुरू झाल्या आणि १८ मे २०२३ रोजीं घटनापीठानें महाराष्ट्राचा कायदा मान्य केला. त्या शर्यतीच्या योग्यायोग्यतेचा वाद येथें नको. पण इतकीं वर्षें मध्यें जाऊनही ती परतूं शकली, याचें कारण बैल पोसणारे आणि गाडा बांधणारे हात त्या काळांत नाहींसे झाले नव्हते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. पौषी पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हसें येथें जी जत्रा भरते, तिच्या बैलबाजारांतून हिंडतांना ही गोष्ट सहज पटते. नाद माणसाच्या मनांत राहतो खरा. पण परत येण्यासाठीं त्याला हातांचा आधार लागतो.

बिनतारी मोटारीचेंही तेंच आहे. ती परत आली याचें श्रेय बालपणाच्या आठवणीला देण्याचा मोह होतो. परंतु आठवणी बंदिस्त खेळण्यांच्याही असतात, आणि तीं कोणाच्या घरीं परतलीं नाहींत. परतली ती उघडतां येणारी, मोडणारी आणि दुरुस्त होणारी मोटार. जिचा प्रत्येक स्क्रू एकदां आपल्या हातानें फिरलेला आहे, तीच. घरांतल्या मुलाला नवें खेळणें आणतांना सुखवस्तु कुटुंबांनीं एवढी एक गोष्ट पाहावी कीं, तें उघडतां येतें कीं नाहीं. किंमत, वेग, रंग यांचा विचार त्यानंतर.

खाचरांतली धूळ खालीं बसते. मोटारीचा पुढचा डावा हात मोडला आहे. गृहस्थ बांधावर पंचा पसरून, पेचकस काढून बसतो. एवढ्यांत सायकलीचा जुना टायर काठीनें पळवीत गांवचीं दोन-तीन मुलें तेथें येतात आणि टायर आडवा टाकून भोंवतीं उकिडवीं बसतात. त्या टायराला तार नाहीं, घट नाहीं, दांते नाहींत. काठीच्या टोकाचा किती दाब द्यावयाचा एवढेंच त्या मुलांना बरोबर कळतें. मोडलेला भाग निघतो. एक मूल तो हातांत घेऊन उलटसुलट पाहतें आणि कोठें बसावयाचा तें न सांगतां दाखवितें.